कॅश आयसा दुसऱ्या बँकेत हलवताना नोटीस, दंड आणि कागदपत्रे

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या बऱ्याच जणांचा एखादा तरी आयसा (ISA, इंडिव्हिज्युअल सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे करमुक्त बचत खाते) असतो; कॅश आयसा हा त्यातला साध्या बचत खात्यासारखा प्रकार. त्यावरच्या व्याजाला कर नाही. दर आर्थिक वर्षात, म्हणजे ६ एप्रिल ते ५ एप्रिल, सगळ्या आयसांत मिळून २०,००० पौंड भरता येतात. जुन्या बँकेचा दर घसरला आणि दुसरीकडे चांगला मिळत असला, तर जमलेली सगळी रक्कम करमुक्ती न गमावता हलवता येते. अट एकच: पैसे स्वतः काढायचे नाहीत. ते एकदा करंट अकाउंटला आले की आयसातून बाहेर पडले. पुन्हा भरायला गेलात तर (पुढे सांगितलेला ‘फ्लेक्सिबल’ आयसा सोडून) ती यंदाची नवी रक्कम धरली जाते आणि यंदाच्या मर्यादेतून वजा होते. पाच-सहा वर्षांत साठलेले ६०,००० पौंड असे काढले, तर त्यातले जास्तीत जास्त २०,००० यंदा परत आत जातील, आणि तेही यंदा दुसरे काही भरले नसेल तरच.

म्हणून अर्ज नेहमी नव्या बँकेकडे करायचा. तिथे आयसा उघडताना ‘ट्रान्सफर इन’चा फॉर्म भरा. पुढचा व्यवहार त्या दोन बँका आपसात करतात. कॅश आयसातून कॅश आयसात जायला १५ कामकाजाचे दिवस ही मुदत आहे, इतर प्रकारांना, जसे शेअर्सच्या आयसाला, ३० दिवस. त्या १५ दिवसांत नव्या बँकेने ५ दिवसांत अर्ज पुढे धाडायचा, जुनीने तो मिळाल्यापासून ५ दिवसांत पैसे आणि खात्याचा तपशील पाठवायचा, नवीने ३ दिवसांत जमा करायचे. बाकीचा वेळ कागद पोहोचण्याचा. शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे यात मोजत नाहीत, त्यामुळे ईस्टरच्या आसपासचा अर्ज हमखास लांबतो.

आता नोटिशीकडे वळू, कारण पैशांचे नुकसान होते ते इथेच. जुना आयसा ‘नोटीस अकाउंट’ असेल तर पैसे हलवण्याआधी ठरावीक दिवस पूर्वसूचना द्यावी लागते: ३०, ६०, ९०, ९५, कधी १२० दिवस. हा काळ त्या १५ दिवसांखेरीज वेगळा धरायचा. फॉर्मवर याबद्दल एक प्रश्न असतो आणि बरेच जण घाईत त्यावर नुसती खूण करतात: नोटीस पूर्ण होईपर्यंत थांबायचे, की दंड मान्य करून लगेच पैसे पाठवायचे? दंड म्हणजे बहुधा तितक्या दिवसांचे व्याज.

हिशेब करून पाहा. खात्यात २०,००० पौंड, दर ४ टक्के, नोटीस ९० दिवसांची. वर्षाचे व्याज ८०० पौंड, म्हणजे ९० दिवसांचे सुमारे १९७. नवीन बँक साडेचार टक्के देते, म्हणजे वर्षाला १०० पौंड जास्त. ९० दिवस थांबलात तर वाढीव व्याजातले जेमतेम २५ पौंड जातात, कारण नोटीस चालू असताना जुन्या खात्यात व्याज मिळतच राहते. लगेच हलवलेत तर १९७ पौंड जातात, ते भरून निघायला जवळपास दोन वर्षे लागतील. दरांत फार मोठी तफावत नसेल तर थांबणेच फायद्याचे.

थांबण्यात एक अडचण मात्र येते. नवा आयसा फिक्स्ड रेटचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दर बांधलेला, असेल तर बाहेरून पैसे यायला बँक ठरावीक मुदत देते, आणि ती काही ठिकाणी नोटिशीपेक्षा कमी असते. मुदत उलटली की ठरलेला दर हातचा जातो. फॉर्म भरण्याआधी नव्या बँकेला सरळ विचारा: माझी नोटीस ९५ दिवसांची आहे, तोवर हा दर राखून ठेवाल का? नाही म्हणाले तर आधी नोटीस सुरू करायची आणि ती संपत आली की नवे खाते उघडायचे. पण जुन्या बँकेला नोटीस देताना ती ट्रान्सफरसाठी आहे, पैसे काढण्यासाठी नाही, हे लेखी कळवा. नाहीतर मुदत संपताच पैसे तुमच्या करंट अकाउंटला येऊन पडतील. नोटिशीचे दिवस जुन्या बँकेला सूचना मिळाल्यापासून मोजतात, तुम्ही सही केल्यापासून नाही.

जुना आयसा फिक्स्ड असेल आणि मुदत संपायला थोडेच दिवस असतील, तर फॉर्मवर मॅच्युरिटीची तारीख लिहून त्या दिवशी हलवायला सांगा. मुदतीआधी पैसे नेण्याची सोय आयसात ठेवावीच लागते, पण ९०, १८० किंवा ३६५ दिवसांच्या व्याजाचा दंड बसू शकतो.

कागदपत्रे थोडीच, पण तंतोतंत हवीत: नॅशनल इन्शुरन्स नंबर (ब्रिटनमधला वैयक्तिक विमा क्रमांक), जुन्या बँकेचे नाव, सॉर्ट कोड (बँक-शाखेचा सहा अंकी क्रमांक), खाते क्रमांक, बिल्डिंग सोसायटी (सभासदांच्या मालकीची बँकेसारखी संस्था) असेल तर रोल नंबर, म्हणजे तिथला खात्याचा क्रमांक, आणि किती रक्कम हलवायची ते. सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते पत्ता आणि सही यांवर. घर बदलले आणि जुन्या बँकेत पत्ता तोच राहिला, किंवा लग्नानंतर आडनाव बदलले, की माहिती जुळत नाही म्हणून फॉर्म परत येतो आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. आधी जुन्या बँकेतली माहिती दुरुस्त करा, मगच अर्ज.

६ एप्रिल २०२४ पासून यंदाच्या वर्षात भरलेल्या रकमेचाही हवा तेवढाच भाग हलवता येतो, आधी ती पूर्ण हलवावी लागे. तरी प्रत्येक बँक अर्धवट रक्कम पाठवतेच असे नाही, आणि बाहेरचे पैसे घेण्याचे बंधन तर कोणावरच नाही. ‘फ्लेक्सिबल’ आयसातून, म्हणजे काढलेले पैसे त्याच वर्षात मर्यादा न वापरता परत भरू देणाऱ्या आयसातून, यंदा काही काढले असेल तर हलवण्याआधी ते तिथेच परत भरा, नव्या बँकेत ती मुभा सोबत येत नाही. लाइफटाइम आयसा (पहिले घर किंवा निवृत्तीसाठीचा) वयाची ६० वर्षे होण्याआधी कॅश आयसात नेला तर २५ टक्के कापले जातात, त्यामुळे तो लाइफटाइम आयसातच न्यावा.

पुण्या-मुंबईला कायमचे परतलेल्यांसाठी: ब्रिटनचे निवासी नसलात तर, ज्या आर्थिक वर्षात देश सोडलात ते संपल्यावर, नवी भर घालता येत नाही, पण आयसा ठेवता येतो आणि नियमाने दुसरीकडे हलवताही येतो. परदेशी पत्त्यावर खाते उघडणारी बँक मात्र शोधावी लागते, म्हणून निघण्याआधीच हलवून घेतलेले बरे. भारतात ‘रेसिडेंट अँड ऑर्डिनरिली रेसिडेंट’, म्हणजे करकायद्याने पूर्ण निवासी, झालात की या व्याजावर भारतात कर लागतो, आयसाची सूट भारताच्या कायद्यात नाही.

मुदत उलटूनही पैसे आले नाहीत तर आधी नव्या बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तारखा जपून ठेवा. ८ आठवड्यांत समाधानकारक उत्तर नाही मिळाले तर फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येते. तिथे शुल्क नाही. बुडालेल्या व्याजाचा आकडा स्वतः काढून तक्रारीत लिहा.