मरणारा स्वतः लिहू लागला, त्याआधी

पॉल कलानिथी या अमेरिकी न्यूरोसर्जनचं ‘व्हेन ब्रेथ बिकम्स एअर’ सोलापुरातल्या माझ्या ओळखीच्यांत अजून हातोहात फिरतं. ३६व्या वर्षी फुप्फुसाचा कर्करोग निघाला, ९ मार्च २०१५ला ते गेले. अपुरं राहिलेलं आत्मकथन पत्नी ल्यूसी यांच्या उपसंहारासह जानेवारी २०१६मध्ये आलं. वाचणारे हळहळतात ते त्यांच्या वयाला. मी मात्र सुरुवातीलाच अडकलो: आपल्या सीटी स्कॅनच्या प्रतिमा हा माणूस स्वतः बघतो. त्याच्यापासून काही लपवणं शक्यच नव्हतं.

एरवी अमेरिकेतही लपवतच असत. १९६१च्या एका पाहणीत शिकागोच्या २१९ डॉक्टरांपैकी सुमारे ९० टक्के म्हणाले, कर्करोग झाल्याचं आम्ही पेशंटला शक्यतो सांगत नाही. १९७९मध्ये तशीच प्रश्नावली दुसरीकडे फिरवली, तर ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे. मधल्या काळात उपचार सुधारले, पेशंटच्या हक्कांची भाषा आली. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (मरणासन्न पेशंटची शुश्रूषा करणारं केंद्र) उघडलं, आणि १९६९ला एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी मरणाऱ्यांशी झालेल्या बोलण्यावर पुस्तक लिहिलं. कलानिथींसारखी आत्मकथनं त्यानंतरची. ज्याला आपण चाललोय हेच माहीत नाही, तो त्याबद्दल लिहिणार काय?

आपल्याकडे हा विषय नवा, असं समजायचं मात्र कारण नाही. शिवार्यांचा ‘मूलाराधना’ अर्थात ‘भगवती आराधना’ हा प्राचीन जैन प्राकृत ग्रंथ १९३५मध्ये सोलापुरातूनच छापून निघाला. पुढे १९७८ला जीवराज जैन ग्रंथमालेनेही तो काढला. दोन हजारांहून जास्त गाथा, आणि विषय समाधिमरण, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून शांतपणे, जाणतेपणी पत्करलेलं मरण. मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या साधूच्या सेवेला ४८ निर्यापक, म्हणजे सेवा करणारे साधू असावेत, असं त्यात सांगितलंय. कुणी उठवायला-बसवायला, कुणी धर्मकथा सांगायला, कुणी दाराशी. तेवढे नसतील तर निदान दोघे तरी हवेतच. हॉस्पिसच्या कामाची वाटणी याहून फार निराळी नसते. आणि इथे मरणाऱ्याला सगळं ठाऊक असणं ही पहिली अट.

शहरातल्या बाकीच्या घरांत काय चालतं? नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेतात, ‘त्यांच्यासमोर काही बोलू नका.’ बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची पाटी स्वतः वाचू शकणाऱ्या माणसालाही ‘साधी गाठ आहे’ म्हणूनच नेतात. त्याला कळलेलं असतं, हे घरच्यांनाही कळलेलं असतं. तरी दोन्हीकडून सोंग चालू.

कायदा याच्या पुढे गेलाय. ९ मार्च २०१८ला (योगायोगाने तीच तारीख) सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या उपचारांबाबत आधीच इच्छापत्र करून ठेवायला मान्यता दिली. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. जानेवारी २०२३मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण करायचं ते धडधाकट शुद्धीत, आणि आपल्याला काय झालंय किंवा होऊ शकतं हे कुणीतरी सांगितल्यावर.