आरसा कुठंही ठेवा, आकडा तोच

कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव जवळ आला की आमच्या बेळगावच्या ग्रुपवर दरवर्षी एक संदेश फिरतो. मावळतीची किरणं थेट मूर्तीवर पडतात, म्हणजे पूर्वजांना सेकंदाच्या अचूकतेनं कोन मोजता येत होते, आजच्या लेसरलाही ते जमणार नाही, वगैरे. मी काही वर्षं उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या तपासणी खोलीत कोनच मोजत होतो. त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

सूर्याची तबकडी आपल्याला साधारण अर्ध्या अंशाची दिसते. नोव्हेंबरात सूर्य मावळायची जागा रोज पाव अंशाहून थोडी जास्त दक्षिणेला सरकते. म्हणून तर हा सोहळा एका संध्याकाळीच आटपत नाही, दोन-तीन दिवस चालतो, आणि सूर्य परत उत्तरेकडं निघाला की जानेवारीच्या अखेरीला पुन्हा होतो. म्हणजे इथं लागणारी अचूकता अर्ध्या अंशाच्या आसपासची आहे. दोरी, खुंटी आणि वर्षभर आकाशाकडं लक्ष, एवढ्यावर ती साधणं ही खरी करामत. तिला लेसरचं ठिगळ लावायची गरज नाही. अर्धा अंश म्हणजे १८०० सेकंद, आणि आमच्या खोलीत भांडणं व्हायची ती दोन सेकंदांवरून.

हा सेकंद घड्याळातला नव्हे, कोनाचा. आपल्या ज्योतिर्गणितात त्याला विकला म्हणतात: अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. भास्कराचार्यांच्या गणितात हेच शब्द आहेत. (त्यांचं गाव चाळीसगावाजवळचं की विजापूरकडचं, हा वाद अजून मिटलेला नाही. सीमावादाची ही शाखा आम्हाला त्यातल्या त्यात गोड वाटते.) विकला म्हणजे केवढी? एक मीटर लांबीची पट्टी घ्या आणि तिचं एक टोक ४.८५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उचला, झाली एक विकला. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. किंवा असं समजा, २२ मिलिमीटर व्यासाचं रुपयाचं नाणं साडेचार किलोमीटरवर कुणीतरी धरलंय. ते तुमच्या डोळ्याशी जेवढा कोन करील तेवढी.

इतका बारीक कोन कोनमापकानं मोजता येत नाही हे उघड आहे. पाणसळीतला बुडबुडा जवळपास जातो, पण ती उभ्या पातळीतलाच कल सांगते, डावी-उजवी सांगत नाही. मग कामाला येतो ऑटोकॉलिमेटर. नाव अवजड, वस्तू साधी: एक नळी, तिच्या तोंडाशी बहिर्गोल भिंग, भिंगाच्या नाभीवर मागून उजेड दिलेली फुली, आणि समोर मोजायच्या भागावर ठेवलेला सपाट आरसा. फुलीचा उजेड भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतो, आरशावर आपटून परत येतो आणि भिंग त्याची पुन्हा फुली करून देतं. आरसा किरणांशी बरोबर काटकोनात असला तर परतलेली फुली मूळ फुलीवर बसते. आरसा कलला की ती सरकते. किती सरकली ते वाचायचं.

आमच्याकडं यंत्राच्या बेडचं (ज्यावर बाकीचे भाग सरकतात तो लांबट पाया) स्क्रेपिंग, म्हणजे हातानं खरवडून तो सपाट करायचं काम, करणारे एक मामा होते. त्यांचा हात असा की निळा रंग लावून दोनदा सरफेस प्लेट (अगदी सपाट केलेली पाटी) फिरवली की उंचवटा कुठं आहे ते डोळे मिटून सांगतील. पण या नळीवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि अविश्वासाचं कारण शास्त्रीय होतं.

“आरसा हितं ठेवला तरी बारा, पार थितं नेला तरी बाराच. लांब गेल्यावर जास्ती सरकायला पायजे की. गंडलंय बघ तुझं मशीन.”

मामांचा अनुभव चुकीचा नव्हता. हातातल्या आरशानं कवडसा पाडा. भिंत जितकी लांब, तितका तो जास्त पळतो. आरसा जेवढा कलतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, आणि लांबवर त्या दुपटीचं मोठं अंतर होतं. पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञानं १८२६ साली याच युक्तीनं चुंबकाचं सूक्ष्म वळणं मोजलं. १८५८ साली अटलांटिकच्या तळातून आलेले तारेचे क्षीण संदेश केल्व्हिननं (तेव्हा तो नुसता विल्यम थॉमसन होता) वाचले तेही चिमुकल्या आरशावरच्या कवडशानं. तिथं कवडसा वाचायची पट्टी आरशापासून किती लांब ठेवली यावर सगळं अवलंबून.

मग इथं का नाही? माझं या यंत्रावर प्रेम बसलं ते या एका प्रश्नामुळे.

आपल्याकडं जुलैत पाऊस तिरका येतो. शिवारात बांधावर उभे राहा, नाहीतर चार वाफे पलीकडं जा, पावसाचा तिरकेपणा तोच असतो. तुमची जागा बदलली, दिशा नाही. समांतर किरणांचा झोत असाच असतो. आरसा लांब नेला की परतणारा झोत भिंगावर थोडा बाजूला पडतो, हे मामांचं म्हणणं खरंच. पण भिंगाला झोत कुठं पडला याच्याशी देणंघेणं नाही. एकाच दिशेनं आलेले सगळे समांतर किरण, मग ते भिंगाच्या मध्यावर पडोत की कडेला, नाभीच्या प्रतलात एकाच बिंदूवर जमतात. दिशा बदलली तरच बिंदू बदलतो. म्हणजे कवडशासाठी आपण जी भिंत अनंतावर नेऊन बांधली असती, ती भिंगानं नळीच्या आतच आणून ठेवलेली असते. आरसा अर्धा मीटर अलीकडं की पलीकडं, अनंतातल्या भिंतीला काय फरक पडतो!

हिशेबही सोपा आहे. फुली सरकते ती कोनाच्या दुप्पट गुणिले नाभीय अंतर. नाभीय अंतर ५०० मिलिमीटर असलं तर एका विकलेला ४.८५ मायक्रॉन. सूक्ष्मदर्शकासारख्या नेत्रिकेतून किंवा आजकाल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हे दिसतं. मर्यादा एकच: आरसा फार लांब नेऊन फार कलवला तर परतणारा झोत भिंगालाच चुकवतो आणि फुली गायब होते. आकडा खोटा येत नाही, येतच नाही.

घरी करून बघायचं असेल तर बारावीच्या प्रात्यक्षिकातलं सपाट आरसा आणि भिंग आठवा. पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा, मागून मोबाईलचा टॉर्च लावा, पुढं वाचायचं भिंग, त्यापुढं आरसा. भोकाशेजारीच भोकाची स्पष्ट प्रतिमा पडेपर्यंत भिंग पुढंमागं करा. आता आरसा मागं सरकवा, पण कल तोच ठेवा. प्रतिमा ढिम्म हलणार नाही. नुसतं बोट लावून आरसा कलवा, ती पळत सुटेल.

आता थोडा किचकट भाग. कोन मोजून बेड सरळ आहे की नाही हे कसं कळतं? आरसा १०० मिलिमीटर अंतरावरच्या दोन पायांवर बसवायचा आणि बेडवरून पावलापावलानं न्यायचा, मागचा पाय आधीच्या पुढच्या पायाच्या जागी. प्रत्येक पावलाला एक विकला म्हणजे ०.४८५ मायक्रॉन चढ. समजा ६०० मिलिमीटरच्या बेडवर आकडे आले १०, १२, १३, ११, ८, ६. सरासरी १०. ती वजा करायची, कारण नळी आणि बेड एकमेकांशी थोडे तिरके असणारच; तो दोष बेडचा नाही. उरलं ०, २, ३, १, उणे २, उणे ४. आता बेरीज करत चला: ०, २, ५, ६, ४, ०. दोन्ही टोकं शून्यावर आली आणि चौथ्या पावलाच्या शेवटी, ४०० मिलिमीटरवर, ६ चा उंचवटा. सहाला ०.४८५ नं गुणा: २.९ मायक्रॉन.

मामांना मी असाच हिशेब कागदावर काढून दाखवला. त्यांनी कागदाकडं बघितलंच नाही. निळा लावला, प्लेट फिरवली, आणि नेमक्या त्याच जागी नखानं खूण केली. त्यानंतर नळीला ते ‘तुझं मशीन’ म्हणायचे थांबले.

राहिला शत्रू एकच, हवा. गरम हवेत प्रकाशाचा वेग किंचित जास्त, म्हणून हवेचे थर कमी-जास्त तापलेले असले की किरण वाकतो. एक मीटर उंचीत एक अंश सेल्सिअसचा फरक आणि पाच मीटरची वाट, एवढ्यावर जवळजवळ एक विकला जाते. शेजारच्या फाउंड्रीत ताव सुटला की आमची फुली पाण्यातल्या चंद्रासारखी थरथरायची. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश, पण नुसते २० अंश असून भागत नाही, सगळीकडं तेच लागतात. आम्ही मोठ्या बेडचे आकडे सकाळी भट्टी पेटायच्या आधी घ्यायचो, पंखा बंद, दार बंद. कुणी चहा घेऊन आलाच तर मामा आतूनच ओरडायचे, “थांब रे तिथंच, किटली गरम हाय!”