सोशिकपणा वेगळा, नेतृत्व वेगळं

आठ मार्च जवळ आला की भाषणांत, प्रशिक्षणवर्गांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रमाबाई रानडे हमखास येतात. ‘केवढं सोसलं त्यांनी!’ असं म्हणायचं आणि वर ‘धैर्य, करुणा, नेतृत्व’ अशी पाटी लावायची. दरवर्षी तेच. बायकांच्या आठवणींतून नेतृत्व शिकायचं म्हणून वाचायला बसतात आणि शिकून येतात सोसायला.

सोसणं म्हणजे काय ते सांगत बसत नाही. घरोघरी ठाऊक आहे. अशा पुस्तकांना ‘आत्मचरित्र’ म्हणायचं की ‘आठवणी’, हा वादही बाजूला ठेवू. त्याने इथे काही बिघडत नाही.

घोटाळा होतो, कारण सोसणं आणि नेतृत्व वरून सारखंच दिसतं. दोन्हीकडे बाई राग गिळते, उलट बोलत नाही, स्वतः झिजते. नुसतं तिचं दुःख बघत राहिलो तर फरक कळणार नाही. तिने काय ठरवलं आणि त्यामुळे दुसऱ्या कुणाचं ओझं उतरलं का, हे पुस्तकात शोधावं लागतं. पुष्कळदा ते एखाद्या ओळीत येऊन जातं आणि आपण मात्र डोळे पुसत पुढच्या पानावर गेलेलो असतो.

रमाबाईंचंच घ्या. शिकतात म्हणून घरातल्या बायकांनी त्यांना छळलं आणि त्यांनी ते निमूट ऐकून घेतलं. हा झाला सोशिकपणा. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीपुढे दुसरा रस्ता होता कुठे? पण पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून सभा झाली, तेव्हा घरी काय ऐकावं लागेल हे माहीत असूनही त्या उभ्या राहिल्या आणि इंग्रजीतून वाचून दाखवलं. घरची बोलणी आधीही होती, नंतरही होती. नवी गोष्ट होती ती उभं राहण्याची, आणि तीही स्वतःसाठी नव्हे, पुढच्या मुलींसाठी. शिवाय ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९०१ मध्ये त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनाशी थांबतं. पुण्याच्या सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेचं काम, म्हणजे ज्याला खरोखर नेतृत्व म्हणावं ते, त्यानंतरचं आहे. पुस्तकावरून रमाबाईंचं नेतृत्व शिकवणाऱ्यांच्या हे गावीही नसतं.

पार्वतीबाई आठवले मला या बाबतीत जास्त स्पष्ट वाटतात. त्या तरुणपणीच विधवा झाल्या आणि महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. केशवपनाची चाल सोडून केस राखायचं त्यांनी स्वतः ठरवलं. पुढे इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. ‘माझी कहाणी’त कष्ट भरपूर आहेत, पण बहुतेक त्यांनी आपणहून पत्करलेले. वाट्याला आलेले कष्ट आणि पत्करलेले कष्ट एकाच तागडीत घालू नयेत.

करुणेच्या बाबतीत आणखी एक गैरसमज चिवट आहे: करुणा म्हणजे आपल्या माणसांना सांभाळून घेणं, घरातलं बाहेर न सांगणं. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचलं की हे टिकत नाही. अस्पृश्यतेने महारवाड्याचं काय केलं ते त्या लिहितातच, पण त्याच वाड्यात सासवा सुनांचे कसे हाल करत, तेही लिहितात. आपल्या माणसांवर जीव असल्याशिवाय इतकं परखड लिहिता येत नाही. स्वतःच्या संसारातली मारहाण मात्र त्यांनी पुस्तकात घेतली नाही. त्याबद्दल त्या पुढे मुलाखतीत बोलल्या. याला कुणी सोशिकपणा म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण पुस्तक कुणाचं असावं हे त्यांनी ठरवलं होतं आणि ते नावातच आहे. (घरच्यांपासून लपवून त्यांना वर्षानुवर्षं लिहावं लागलं, यात मात्र कौतुक करण्यासारखं काही नाही. कृपा करून त्याला ‘जिद्द’ म्हणू नका.)

आणि गोदावरी परुळेकर. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला, तरी नेतृत्वाच्या याद्यांत हे पुस्तक क्वचितच दिसतं. का, ते उघड आहे. त्यात बाईंचं वैयक्तिक दुःख फारसं नाही, मग टाळ्या कशावर घ्यायच्या? वकिलीचं शिक्षण घेतलेली पुण्याची ही बाई ठाणे जिल्ह्यात वारल्यांच्या पाड्यांवर पायी फिरली, त्यांच्या झोपड्यांत राहिली, वेठबिगार आणि लग्नगडीपणा (लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे राबणं) म्हणजे काय ते त्यांच्याच तोंडून ऐकत राहिली. कळवळा येऊन जमीनदाराकडे रदबदली करणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी गोदूताईंच्या पुढाकाराने वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं, पण ते पाळायचं होतं वारल्यांनी, आपापल्या पाड्यावर, जमीनदाराच्या माणसासमोर उभं राहून. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. पुढाऱ्याच्या निर्णयाची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते, हे इथे लख्ख दिसतं. सोसणारीला हा प्रश्न पडतच नाही, कारण ती एकटीच किंमत मोजत असते. नेतृत्व करणारीला तो टाळता येत नाही, आणि अशा वेळी तिची करुणा पुढच्या पाड्यावर पुन्हा जाण्यातच दिसते.

तेव्हा एकच पुस्तक घ्यायचं असेल तर गोदूताईंचं घ्या. हातात पेन्सिल ठेवा आणि बाई रडल्या कुठे ते सोडून, त्यांनी कुणाचं ऐकून स्वतःचं मत बदललं, तिथे खूण करा.