फर्लो आला की पायलटांचे करार का उघडले जातात: अमेरिकेतली जुनी गोष्ट

अमेरिकेत एअरलाईन्सचा धंदा बसला की बातम्यांमध्ये एकच आकडा फिरतो, अमुक इतके पायलट फर्लोवर, म्हणजे बिनपगारी घरी. युनियनच्या मिटिंगमध्ये मात्र वाद वेगळाच चाललेला असतो. उडायचे तास कमी झालेत हे तिथे सगळ्यांनाच दिसत असतं, प्रश्न एवढाच की ही कपात कोणाच्या अंगावर टाकायची. सिनिऑरिटीच्या, म्हणजे नोकरीला लागल्याच्या क्रमाच्या, लिस्टमधल्या शेवटच्या हजार जणांचे सगळेच तास काढायचे, की सगळ्यांचेच थोडे थोडे? उत्तर शोधायला मग युनियन आणि कंपनीमधला करार उघडला जातो, आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक कलम मागच्या कुठल्यातरी संकटात हात पोळल्यावर लिहिलेलं असतं, म्हणूनच ते वाचायला इतकं किचकट असतं.

आधी हिशोब बघू. समजा एका कंपनीत १०,००० पायलट आहेत आणि प्रत्येकजण महिन्याला सरासरी ८० तास उडतो, म्हणजे एकूण ८ लाख तास. मागणी पडली आणि ७.२ लाख तासच उरले. प्रत्येकाला ८० तासच द्यायचे तर ९,००० पायलट पुरतात, १,००० घरी. सगळ्यांना ७२ तास दिले तर एकही घरी जात नाही. कागदावर इतकं सोपं आहे, आणि गेली नव्वद वर्षं भांडण याच दोन ओळींवर चाललंय.

फर्लो म्हणजे कायमचं काढून टाकणं नव्हे. पगार थांबतो, पण सिनिऑरिटी लिस्टवरचा नंबर शाबूत राहतो आणि काम वाढलं की त्याच नंबराने परत बोलावतात, त्याला रिकॉल म्हणतात. जाताना शेवटचा पहिला जातो, येताना गेलेल्यांमधला सिनिअर आधी येतो. रिकॉलचा हक्क किती वर्षं टिकतो हे कराराकरारावर अवलंबून, आणि दुसरीकडे बरी नोकरी लागली असेल तर तात्पुरता नकार देऊन नंबर राखायची सोयही बऱ्याच ठिकाणी असते. पण त्या दुसऱ्या एअरलाईनमध्ये वीस वर्षांचा अनुभवी कॅप्टनसुद्धा सगळ्यात खालून, पहिल्या वर्षाच्या पगारावर सुरू करतो, कारण सिनिऑरिटी एका कंपनीतून दुसरीत नेता येत नाही. सगळ्या एअरलाईन्सची मिळून एकच लिस्ट करावी ही कल्पना अनेकदा निघाली आणि दरवेळी बारगळली, कारण जो आत्ता वर आहे तो कशाला मान्य करेल.

पायलटांची मुख्य युनियन, एअर लाईन पायलट्स असोसिएशन म्हणजे आल्पा, १९३१ साली शिकागोत स्थापन झाली. डेव्हिड बेंकी नावाचा पायलट तिचा पहिला अध्यक्ष. तेव्हा मंदी जोरात होती, कंपन्यांना पगाराची जुनी पद्धत मोडून तासावर पैसे द्यायचे होते आणि तासही वाढवून घ्यायचे होते. प्रकरण सरकारच्या नॅशनल लेबर बोर्डाकडे गेलं आणि १९३४ मध्ये डिसिजन ८३ नावाचा निर्णय आला. त्यात पगाराचं सूत्र ठरलं आणि महिन्याला जास्तीत जास्त ८५ तास ही मर्यादा आली. मर्यादेमागे थकव्याचा आणि सुरक्षिततेचा मुद्दा होताच, पण त्याचा दुसरा अर्थ युनियनला चांगला कळत होता, एका माणसाचे तास बांधले की तेवढ्याच कामाला जास्त माणसं लागतात. माझ्या मते पुढच्या सगळ्या फर्लोच्या वाटाघाटींचं मूळ या ८५ तासांत आहे.

मग १९३६ मध्ये रेल्वे कामगारांसाठी १९२६ साली केलेला रेल्वे लेबर ॲक्ट एअरलाईन्सनाही लागू झाला, आणि तो आजही चालू आहे. या कायद्याची गंमत अशी की करार संपतच नाही. ठरलेली तारीख आली की तो फक्त बदलायला खुला होतो, आणि नवा होईपर्यंत जुनाच चालू राहतो, मग त्यात दोन वर्षं जावोत की पाच. बोलणी आणि सरकारी मध्यस्थीच्या पायऱ्या संपेपर्यंत संप नाही आणि कंपनीने एकतर्फी बदल करायचे नाहीत. त्यामुळं अचानक संकट आलं की आख्खा करार उघडत बसायला वेळ नसतो, एक पुरवणी पत्र करतात, लेटर ऑफ ॲग्रीमेंट. महामारीत ज्या ज्या सोयी झाल्या त्या बहुतेक अशाच पत्रांमधून. आणि आहे त्या कराराचा अर्थ काय यावर वाद असेल, उदाहरणार्थ हा फर्लो कलमाप्रमाणे झाला का, तर तो संपाचा विषयच नाही, तो ग्रीव्हन्स, म्हणजे रीतसर तक्रार, होऊन लवादाकडे जातो. त्याचा निकाल यायला महिने लागतात आणि तोपर्यंत कंपनीचा निर्णय चालू राहतो. आधी उडा, मग तक्रार करा, असं तिथले पायलटच म्हणतात. फर्लोवाल्याच्या बाबतीत तर उडायलाही मिळत नाही, नुसतीच तक्रार.

१९७८ पर्यंत हे बरं चाललं कारण भाडी आणि रूट सरकार ठरवत होतं, खर्च वाढला की भाडं वाढायचं. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरनी डीरेग्युलेशनच्या, म्हणजे हे सरकारी नियंत्रण काढायच्या, कायद्यावर सही केली आणि ते छत गेलं. त्याच कायद्यात, यामुळं ज्यांची नोकरी जाईल त्यांना इतर एअरलाईन्सनी आधी घ्यावं अशी तरतूद होती, ती वर्षानुवर्षं नियम आणि कोर्ट यांतच अडकली आणि १९८७ ला सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. तोवर ब्रॅनिफ ही एअरलाईन १९८२ मध्ये बंद पडून गेली होती.

सगळ्यात मोठा धक्का १९८३ चा. कॉन्टिनेंटल एअरलाईन्सचा मालक फ्रँक लोरेन्झो सप्टेंबरमध्ये दिवाळखोरी कोर्टात गेला, युनियनचे करार झुगारले, आणि काही दिवसांत कंपनी परत उडायला लागली, कमी माणसं आणि जवळजवळ अर्धे पगार. पायलट संपावर गेले, संप १९८५ पर्यंत लांबला आणि फसला. म्हणजे करार कितीही घट्ट लिहा, दिवाळखोरीच्या दारातून गेलं की तो गळून पडतो हे तेव्हा सगळ्यांना कळलं. काँग्रेसने १९८४ मध्ये दिवाळखोरी कायद्यात १११३ कलम घातलं, आता करार मोडायच्या आधी युनियनशी बोलणी करावी लागतात आणि कोर्टाची परवानगी लागते. दार बंद नाही झालं, फक्त कडी लागली. पुढे १९९१ मध्ये ईस्टर्न आणि पॅन ॲम या दोन्ही एअरलाईन्स बंद पडल्या, आणि तिथल्या लोकांना रिकॉलचा हक्क असून काही उपयोग नव्हता कारण बोलावणारं कोणी उरलंच नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी धंदा जोरात होता, तेव्हा युनियननी पगार वाढवून घेतले आणि काही ठिकाणी नो-फर्लो कलम मिळवलं, म्हणजे करार झाला त्या दिवशी लिस्टवर असलेल्या कोणालाही फर्लो करायचं नाही. कंपन्यांनी दिलं, पण सोबत एक ओळ घातली, कंपनीच्या हाताबाहेरची परिस्थिती आली तर हे लागू नाही. फोर्स मेज्यूर. त्या ओळीकडे तेव्हा किती जणांनी नीट पाहिलं असेल शंकाच आहे.

११ सप्टेंबर २००१ नंतर आकाश दोन दिवस रिकामं होतं, मग कंपन्यांनी साधारण वीस टक्के शेड्यूल कापलं, अमेरिकन एअरलाईन्स आणि युनायटेड एअरलाईन्सने प्रत्येकी वीस हजारांच्या आसपास नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. सरकारने २२ सप्टेंबरला कायदा करून ५ अब्ज डॉलर थेट मदत आणि १० अब्ज डॉलरच्या कर्जहमीची सोय केली, पण नोकऱ्या टिकवा अशी अट त्यात नव्हती, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. डेल्टा एअरलाईन्सच्या करारात नो-फर्लो कलम होतं, कंपनीने फोर्स मेज्यूरवर बोट ठेवून फर्लो केले आणि आल्पा ग्रीव्हन्समध्ये गेली. हल्ला कंपनीच्या हाताबाहेर होता यावर कोण काय बोलणार? खरा वाद पुढचा, हल्ल्यामुळे पडलेली मागणी कुठे संपते आणि नेहमीची मंदी कुठे सुरू होते, आणि परिस्थिती सुधारली की कलम आपोआप परत जिवंत होतं का. म्हणून त्यानंतरच्या करारांमध्ये ही व्याख्या लांबच लांब झाली, कुठल्या घटना धरायच्या, किती विमानं जमिनीवर राहिली तर, किती दिवस.

यातला सगळ्यात वाईट भाग टीडब्ल्यूए या एअरलाईनच्या पायलटांच्या वाट्याला आला असं मला वाटतं. अमेरिकनने त्यांची कंपनी एप्रिल २००१ मध्ये घेतली, दोन लिस्ट एकत्र करताना टीडब्ल्यूएचे बरेचसे पायलट अमेरिकनच्या लिस्टच्या तळाला जोडले गेले, आणि काही महिन्यांत फर्लो तळापासूनच सुरू झाले. माणूस दहा-बारा वर्षं नोकरी केलेला, पण नंबर नवीन. या अनुभवानंतर २००७ मध्ये मॅकॅस्किल-बाँड कायदा आला, विलीनीकरणात सिनिऑरिटी न्याय्य पद्धतीने जोडा आणि नाही जमलं तर लवाद.

मधल्या वर्षांत युनायटेड २००२ मध्ये, डेल्टा आणि नॉर्थवेस्ट २००५ मध्ये एकाच दिवशी दिवाळखोरीत गेल्या. डेल्टाच्या पायलटांनी २००४ मध्ये ३२.५ टक्के पगारकपात मान्य केली होती तरी ती वेळ टळली नाही. युनायटेडची पेन्शन योजना सरकारी विमा संस्थेच्या गळ्यात गेली. त्यात डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचं वय ६० वरून ६५ झालं, म्हणजे वरचे पाच वर्षं हलले नाहीत, आणि २००८ च्या मंदीत खालचे परत फर्लोवर गेले. युनायटेडमध्ये असे लोक होते ज्यांना दोनदा फर्लो मिळाला. ही पिढी २०२० मध्ये युनियनच्या टेबलावर बसलेली होती.

कोविडच्या २०२० चे आकडे बघूनच पोटात गोळा येतो. १४ एप्रिलला अमेरिकेतल्या सगळ्या विमानतळांवर मिळून नव्वद हजारांपेक्षा कमी प्रवाशांची तपासणी झाली, आदल्या वर्षी त्याच सुमाराला बावीस लाखांच्या आसपास होत होती. यावेळी सरकारी मदतीला अट लागली. मार्चमधल्या केअर्स कायद्यातले प्रवासी एअरलाईन्सचे २५ अब्ज डॉलर पगारासाठीच होते आणि ३० सप्टेंबरपर्यंत कोणालाही फर्लो नाही. ही अट कामगार संघटनांनी जोर लावून घातली, २००१ चा धडा.

आता खरी गुंतागुंत बघा. फर्लो खालून होतो पण जास्तीची विमानं बऱ्याचदा वर असतात. डेल्टाने बोइंग ७७७ या मोठ्या विमानांची आख्खी फ्लीट काढून टाकली. ७७७ चा कॅप्टन सिनिअर, तो घरी जात नाही, तो दुसऱ्या विमानावर जातो आणि तिथल्या ज्युनिअरला हलवतो, तो आणखी खाली, असं करत करत शेवटी छोट्या ७३७ चा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, बाहेर पडतो. मधल्या प्रत्येकाला नव्या विमानाचं ट्रेनिंग लागतं, सिम्युलेटर मोजकेच, आणि ट्रेनिंग चालू असताना माणूस पगारावर पण प्रवाशांना घेऊन उडत नाही. शिवाय जे लिस्टवर आहेत पण उडत नाहीत त्यांची ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंगची अट मोडते. म्हणजे सगळ्यात स्वस्त पगाराचा माणूस काढण्यासाठी कंपनी वरच्या चार-पाच जणांच्या ट्रेनिंगचा खर्च करते आणि वर्षभराने मागणी आली की हीच साखळी उलटी चालवते. युनियनचे वाटाघाटी करणारे हा हिशोब कंपनीसमोर मांडतात आणि कंपनीलाही तो समजतो, म्हणूनच स्वेच्छानिवृत्तीचं पॅकेज आधी येतं. डेल्टाचे १,८०० हून जास्त पायलट ते घेऊन गेले.

उरला मिनिमम गॅरंटीचा प्रश्न. करारात साधारण सत्तरेक तासांचा पगार, उडा किंवा नका उडू, असा हमीचा असतो. तो आकडा खाली आणला की काम वाटता येतं, पण एकदा खाली आणलेला आकडा परत वर कोण नेणार ही भीती, म्हणून पत्रात शेवटची तारीख लागते, ठराविक दिवसानंतर जुना आकडा आपोआप परत. युनायटेडच्या पायलटांनी सप्टेंबर २०२० मध्ये कमी तास वाटून घ्यायचं मतदानाने मान्य केलं आणि २,८५० जणांचे फर्लो जून २०२१ पर्यंत टळले. डेल्टात १,९०० वर नावं यादीत होती, तिथेही नोव्हेंबरमध्ये तोडगा निघाला. अमेरिकनमध्ये नाही जमलं, १ ऑक्टोबरला साधारण १,६०० पायलट घरी गेले. साऊथवेस्टने तोवर इतिहासात कधी फर्लो केला नव्हता, तिने १० टक्के पगारकपात मागितली, जमलं नाही तेव्हा नोटिसा काढल्या आणि डिसेंबरच्या शेवटी सरकारची दुसरी मदत आल्यावर मागे घेतल्या. त्याच मदतीत अट होती की फर्लोवाल्यांना परत घ्या, त्यामुळं अमेरिकनचे लोकही परतले.

सिनिअर लोकांवर स्वार्थी म्हणून टीका होते ती मला अर्धीच पटते. ज्याने २००१ मध्ये आणि २००९ मध्ये असा दोनदा फर्लो भोगला आणि तेव्हा कोणी त्याच्यासाठी एक तास सोडला नाही, त्याला तू आता दहा टक्के सोड म्हणणं सोपं नाही. तरीही युनायटेडमध्ये, जिथे असे लोक भरपूर होते, तिथेच मतदान वाटून घेण्याच्या बाजूने गेलं.

वर्षभरात चित्र उलटलं, पायलट कमी पडायला लागले, आणि २०२३ मध्ये डेल्टाच्या पायलटांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार केला, मग युनायटेड आणि अमेरिकन. छोट्या कंपन्यांना मात्र हे दिवस झेपले नाहीत. स्पिरिटने २०२४ मध्ये फर्लो सुरू केले, शेकडो पायलट गेले, काही कॅप्टनना परत फर्स्ट ऑफिसरच्या सीटवर बसवलं आणि नोव्हेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरी कोर्टात गेली. तिथे सरकारची पगाराची मदत नव्हती आणि कोर्टात १११३ कलम हाताशी होतं, त्यामुळं तास वाटून घ्यायची बोलणी युनायटेडसारखी होणं अवघडच होतं.