‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ : मेल सर्व्हरवाल्यांनो, यांना एका माळेत ओवू नका

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणारी मंडळी मदत मागतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘सर्व्हरला कनेक्टच होत नाहीये.’ नेमका एरर काय विचारलं, की उत्तर येतं, ‘तेच हो, रिफ्यूज्ड की टाइमआउट, असंच काहीतरी.’ मग सल्ल्यांचा पाऊस. पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा सर्व्हर प्रोग्रॅम) रीस्टार्ट करा, एसपीएफ तपासा, फायरवॉल बंद करून बघा. एसपीएफ! अहो, अजून जोडणीच झालेली नाही. मेल खरा की खोटा हे तपासायची वेळ यायला पुष्कळ अवकाश आहे.

‘रिफ्यूज्ड’ बहुतेकांना कळतो, म्हणून तो पटकन उरकतो. तुमचं पॅकेट, म्हणजे जोडणी मागणारा डेटाचा तुकडा, पोहोचलं, समोरच्या मशीननं ते वाचलं आणि ‘या पोर्टवर (म्हणजे मशीनच्या या क्रमांकाच्या दारावर) कोणी नाही’ असं उलट टपाली सांगितलं. म्हणजे मशीन चालू आहे आणि रस्ताही मोकळा आहे. मशीनवर ‘एसएस’ कमांड चालवून कोणता प्रोग्रॅम कोणत्या पोर्टवर ऐकतोय ते बघा. सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या पोर्ट 25 च्या आधी 0.0.0.0 (म्हणजे सगळीकडून) च्या जागी 127.0.0.1 दिसला, तर पोस्टफिक्स फक्त घरातल्या घरात ऐकतोय. ‘मेन डॉट सीएफ’मधली ‘इनेट इंटरफेसेस’ची ओळ बदला. 25 चालू आणि 587 (ॲपमधून मेल पाठवायचा पोर्ट) रिफ्यूज्ड असेल, तर ‘मास्टर डॉट सीएफ’मधल्या ‘सबमिशन’च्या ओळीपुढचं हॅशचं चिन्ह कोणी काढलेलंच नसतं. आणि डेबियन 12 किंवा त्याआधीची आवृत्ती असेल, तर ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस पोस्टफिक्स’मधला हिरवा ठिपका बघून निर्धास्त होऊ नका. ती सर्व्हिस नुसतं आवरण आहे. खरा पोस्टफिक्स मेलेला असतानाही ती ‘ॲक्टिव्ह’ दाखवते, कंसात ‘एक्झिटेड’ लिहून.

आता टाइमआउट. सगळा घोळ इथे आहे. टाइमआउट म्हणजे नकार नव्हे. काहीच उत्तर आलं नाही, एवढंच तुमच्या मशीनला कळलंय. पॅकेट वाटेत कोणीतरी गिळलं, आणि गिळणारा सांगून गिळत नाही. चालू असलेलं साधं लिनक्स मशीन बंद पोर्टवर गप्प बसत नाही, लगेच नकार कळवतं. म्हणून मशीन चालू असेल, तर टाइमआउट आल्यावर पोस्टफिक्स रीस्टार्ट करण्यात काडीचा अर्थ नाही. पोस्टफिक्स बंद असता तर रिफ्यूज्ड आला असता.

फोनवरचं मेल ॲप दोन्हींसाठी ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही’ एवढंच म्हणतं, तेव्हा घड्याळ बघा. डोळ्याचं पातं लवायच्या आत एरर आला तर नकार. चक्र फिरत राहून मग एरर आला तर बहुधा मौन. त्याहून चांगलं म्हणजे लॅपटॉपवरून ‘नेटकॅट’नं थेट पोर्ट तपासा. पिंग नको. पिंगला पोर्ट नावाची गोष्टच माहीत नसते, आणि ‘पिंग तर लागतोय’ हे वाक्य मला यापुढे ऐकायचं नाही.

मग गिळलं कोणी? यावर तर्क लढवू नका, टीसीपीडंप (मशीनवर येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावा. सर्व्हरवर 587 पोर्टपुरता टीसीपीडंप चालू ठेवा आणि बाहेरून जोडणीचा प्रयत्न करा. त्यात एक मोलाची गोष्ट आहे: टीसीपीडंपला आत येणारं पॅकेट मशीनच्या स्वतःच्या फायरवॉलच्या आधी दिसतं. त्यामुळे कंसात ‘एस’ (म्हणजे जोडणीची मागणी) लिहिलेली तीच ती ओळ पुन्हा पुन्हा उमटत असेल आणि उत्तराची एकही ओळ नसेल, तर पॅकेट तुमच्या दारापर्यंत आलं आणि तुमच्याच फायरवॉलनं ते टाकून दिलं. यूएफडब्ल्यू या फायरवॉलमधला ‘डिनाय’ नेमकं हेच करतो. तो पोर्ट उघडा, फक्त तो. अख्खी फायरवॉल बंद करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. आणि पडद्यावर एकही ओळ उमटली नाही, तर पॅकेट मशीनपर्यंत आलेलंच नाही. आधी डीएनएसमधला आयपी पत्ता बरोबर आहे ना ते पाहा, मग होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमधली फायरवॉल उघडा. ॲमेझॉनच्या क्लाउडवर तिला सिक्युरिटी ग्रुप म्हणतात. मशीनवर काहीही केलंत तरी ती हलणार नाही.

हे झालं आत येण्याचं. बाहेर जाताना टाइमआउट आला, तर कारण बहुतेक वेळा एकच असतं. लॉगमध्ये जीमेलच्या सर्व्हरचं नाव, पुढे 25 आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ दिसतं. दुसऱ्या कुठल्याही मेल सर्व्हरला पाठवून बघा, तेच. जीमेलनं तुम्हाला ब्लॉक केलेलं नाही. त्यांना तुमचा मेल नको असेल तर ते जोडणी घेतात आणि 550 सारखा आकडा देऊन कारणासकट सांगतात. इथे तुमच्याच होस्टिंगवाल्यानं बाहेर जाणारा पोर्ट 25 अडवलाय. स्पॅम रोखण्यासाठी ॲमेझॉन आणि गूगल क्लाउड दोघंही तो मुळातच बंद ठेवतात. ॲमेझॉनकडे अर्ज करून तो उघडून घेता येतो. घरगुती ब्रॉडबँडवरही तो अनेकदा बंदच असतो. त्याच लॉगमध्ये आयपीव्ही6 च्या लांबलचक पत्त्यापुढे ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ अशी ओळ असेल, तर तिच्या मागे लागू नका. तुमच्या मशीनला आयपीव्ही6 नाही, एवढाच तिचा अर्थ. आणि पोस्टफिक्स अडकलेला मेल सहसा 5 दिवस रांगेत ठेवून मगच परत पाठवतो, म्हणून ‘कोणाची तक्रार नाही’ यावर विसंबू नका. ‘मेलक्यू’ चालवून रांग बघा.

दोन अपवाद मात्र आहेत. पहिला फेलटूबॅन. चुकीचा पासवर्ड बऱ्याचदा टाकला की तो तुमच्या आयपीवर बंदी घालतो, आणि त्याची नेहमीची रीत पॅकेट गिळायची नसून नाकारायची आहे. म्हणजे सर्व्हिस ठणठणीत असूनही तुम्हाला रिफ्यूज्ड दिसतो. ऑफिसच्या वायफायवर रिफ्यूज्ड आणि मोबाइल डेटावर सुरळीत, असं झालं की आधी फेलटूबॅनची यादी बघा. ऑफिसात कोणाच्या तरी जुन्या फोनमध्ये जुना पासवर्ड असतोच.

दुसरा अपवाद जास्त फसवा आहे, कारण त्यात टाइमआउट येतो पण जोडणी झालेली असते. 465 हाही ॲपमधून मेल पाठवायचाच पोर्ट, पण त्यावर सर्व्हर पहिल्या क्षणापासून टीएलएसची, म्हणजे कूटबद्ध संवादाची, अपेक्षा धरतो. ॲपमध्ये 465 टाकून खाली ‘स्टार्टटीएलएस’ (आधी साधा संवाद, मग टीएलएस) निवडलं, तर ॲप सर्व्हरच्या 220 या स्वागताच्या आकड्याची वाट बघतं, सर्व्हर ॲपच्या टीएलएसची वाट बघतो, आणि ‘पहले आप’ करत दोघं बसून राहतात. शेवटी ॲप म्हणतं टाइमआउट. नेटकॅट मात्र सांगतं की पोर्ट उघडा आहे. असं दिसलं की फायरवॉलला हात लावू नका, ॲपमधली सेटिंग बदला. उलट चूक, म्हणजे 587 वर थेट टीएलएस, केली तर वाट बघावी लागत नाही. चुकीच्या टीएलएस व्हर्जनची तक्रार लगेच येते. माझं मत विचाराल तर सरळ 465 वापरा. 2018 च्या आरएफसी 8314 या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजानं त्यालाच पसंती दिली आहे, तरी ‘465 कालबाह्य आहे’ हे जुनं पालुपद अजून चालूच आहे.

‘नो रूट टू होस्ट’ दिसला तर राउटिंगचे तक्ते उघडण्याआधी समोर फायरवॉलडी (लिनक्सवरची आणखी एक फायरवॉल) आहे का विचारा. त्याचा नकार याच शब्दांत येतो.

आणि होस्टिंगवाला 25 उघडायला तयारच नसेल, तर भांडत बसू नका. बाहेर जाणारा मेल एखाद्या रिले सेवेच्या (तुमचा मेल पुढे पोहोचवणाऱ्या सर्व्हरच्या) 587 वरून पाठवा. पोस्टफिक्समध्ये ‘रिलेहोस्ट’ लिहिताना सर्व्हरचं नाव चौकोनी कंसात घाला. कंस विसरलात तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स (त्या नावाचा मेल कोणतं मशीन घेतं ते सांगणारी डीएनएस नोंद) शोधायला जातो, आणि तो भलत्याच मशीनकडे बोट दाखवत असेल तर पुन्हा तोच टाइमआउट.