पुराहवामान आणि उष्णकटिबंधीय चक्रीवादळे

उष्णकटिबंधीय चक्रीवादळांची वारंवारता, तीव्रता आणि मार्ग पृथ्वीच्या पूर्वीच्या हवामानांत कसे बदलत गेले, याचा अभ्यास भूविज्ञान, वातावरणविज्ञान आणि इतिहास या तिन्ही विषयांच्या सीमेवर चालतो. या अभ्यासशाखेला पॅलिओटेम्पेस्टोलॉजी हे नाव अमेरिकी वातावरणशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांनी दिले. उपकरणांनी घेतलेल्या नोंदी या कामी फारच तोकड्या पडतात. अटलांटिक महासागरातील वादळांची सलग सूची १८५१ पासूनची आहे, विमानातून वादळांची पाहणी १९४४ पासून सुरू झाली आणि उपग्रहांकडून नियमित निरीक्षण १९६० च्या दशकानंतरच होऊ लागले. जुन्या सूचींत जे वादळ जहाजांच्या वाटेत आले किंवा वस्तीच्या किनाऱ्यावर धडकले, तेवढेच सापडते. तीनशे वर्षांतून एकदा येणाऱ्या महावादळाचा हिशोब दीडशे वर्षांच्या नोंदींवरून मांडता येत नाही, म्हणून त्याआधीच्या काळाकडे वळावे लागते.

उबदार समुद्र हे चक्रीवादळाचे इंधन आहे, हे विधान चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि पुराहवामानाच्या संदर्भात ते दिशाभूल करणारे ठरते. सध्याच्या हवामानात चक्रीवादळ निर्माण होण्यासाठी समुद्रपृष्ठाचे तापमान साधारणपणे २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असावे लागते. मात्र हा आकडा निसर्गनियम नव्हे. वादळाला मिळणारी ऊर्जा समुद्रपृष्ठ आणि वादळाच्या माथ्यावरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर, तसेच समुद्राकडून हवेला मिळणाऱ्या बाष्पावर अवलंबून असते. समुद्राबरोबर वरची हवाही थंड झाली, तर वादळ उभे राहण्यासाठी लागणारा उंबरठाही खाली सरकतो. याखेरीज वातावरणाच्या मधल्या थरांत पुरेशी आर्द्रता असावी लागते आणि उंचीनुसार वाऱ्याचा वेग व दिशा फार बदलता कामा नये. अशा फरकाला वायुकर्तन म्हणतात. ते तीव्र असेल तर वादळाचा उभा गाभा तिरका होऊन विस्कटतो. बंगालच्या उपसागराचे उदाहरण बोलके आहे. जुलैमध्ये त्याचे पाणी भरपूर उबदार असते, पण खालच्या थरात नैर्ऋत्येकडून वाहणारे मोसमी वारे आणि वरच्या थरात पूर्वेकडून येणारा वेगवान प्रवाह यांच्या परस्परविरोधामुळे त्या दिवसांत कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात, तीव्र चक्रीवादळे मात्र क्वचितच. ती मोसमाच्या आधी, विशेषतः मे महिन्यात, आणि मोसमानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात. एकाच वर्षात ऋतूंमुळे जे घडते, ते हजारो वर्षांच्या पल्ल्यावर हवामानबदलांमुळे घडते, असे स्थूलमानाने म्हणता येते.

पुराव्यांपैकी सर्वांत अधिक वापरला गेलेला पुरावा म्हणजे वाळूचे थर. समुद्र आणि किनाऱ्यामागचे खाजण किंवा सरोवर यांच्यामध्ये वाळूचा नैसर्गिक बांध असेल, तर एरवी खाजणाच्या तळाशी केवळ काळपट, सेंद्रिय, बारीक गाळ साचत राहतो. तीव्र वादळाचे उधाण तो बांध ओलांडते, बांधावरची वाळू आत ओढून आणते आणि उधाण ओसरल्यावर ती चिखलावर पांढुरक्या पट्टीच्या रूपाने राहते. पुढे तिच्यावर पुन्हा गाळ बसतो. तळात लांब नळी खुपसून काढलेला गाळाचा स्तंभ उभा चिरला, की हा सारा क्रम डोळ्यांनी दिसतो: बोटभर काळा चिखल, मग तांदळाच्या दाण्याइतक्या जाडीची किंवा कधी काही सेंटिमीटरची वाळू, मग पुन्हा चिखल. चिखलातील पाने, बिया यांच्या किरणोत्सारी कार्बनवरून थरांची वये ठरवतात; वरच्या थरांसाठी सीझियम-१३७ उपयोगी पडते, कारण अणुचाचण्यांमुळे वातावरणात पसरलेल्या या किरणोत्सारी द्रव्याचे प्रमाण १९६३ च्या सुमाराच्या गाळात शिगेला पोहोचलेले आढळते. कोणत्या तीव्रतेचे वादळ थर सोडते, हे ऐतिहासिक वादळांवरून पडताळून पाहतात. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडमधील एका खारकच्छात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाऱ्या दलदलीत, १८१५ आणि १९३८ च्या वादळांचे थर स्पष्ट ओळखता आले आहेत. या पद्धतीचा पाया काम-बिउ ल्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेच्या मेक्सिको आखाताच्या किनाऱ्यावरील सरोवरांत घातला.

इतर पुरावे वेगळ्या प्रकारचे आहेत. चक्रीवादळाच्या पावसात ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाचे प्रमाण नेहमीच्या पावसापेक्षा बरेच कमी असते; गुहेतील ऊर्ध्वमुखी लवणस्तंभांच्या वार्षिक थरांत आणि वृक्षवलयांत ही खूण टिकून राहते. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य भागातील चिलागो येथील लवणस्तंभातून अशी सुमारे आठशे वर्षांची नोंद मिळाली आहे. त्याच किनाऱ्याजवळील बेटांवर वादळी लाटांनी रचलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांच्या समांतर वरंब्यांवरून जोनाथन नॉट आणि मॅथ्यू हेन यांनी २००१ मध्ये असे दाखवले, की गेल्या पाच हजार वर्षांत तेथे अतितीव्र चक्रीवादळे दर दोनशे ते तीनशे वर्षांनी येत होती. तोवरचे अंदाज याहून कितीतरी सौम्य होते.

फार दूरच्या काळासाठी असे थेट पुरावे जवळजवळ नाहीत, आणि तेथे हवामान-प्रतिमानांवर, म्हणजे संगणकावर हवामानाची नक्कल करणाऱ्या गणिती मांडणीवर, विसंबावे लागते. सुमारे ५० ते ३० लाख वर्षांपूर्वीचा प्लायोसीन काळ आजच्यापेक्षा उष्ण होता आणि प्रशांत महासागरात पूर्व-पश्चिम तापमानफरक कमी होता, असे अनेक पुरावे सुचवतात. अलेक्सी फेडोरोव्ह, ख्रिस ब्रायर्ली आणि इमॅन्युएल यांनी २०१० मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार त्या काळी चक्रीवादळांचा पट्टा प्रशांत महासागरात बराच रुंद असावा. ही वादळे वरचे उबदार पाणी खोलवर घुसळत. ते पाणी पृष्ठाखालून विषुववृत्ताकडे वाहत जाऊन पूर्वेस वर येई आणि तेथील समुद्र उबदार ठेवी, म्हणजे वादळांना पोषक परिस्थिती काही अंशी वादळेच राखत. कल्पना आकर्षक आहे, परंतु प्लायोसीनमध्ये एल निनोसदृश अवस्था, म्हणजे प्रशांत महासागराचा पूर्व भाग नेहमीपेक्षा उबदार असण्याची स्थिती, कायम होती का, यावरच मतभेद असल्याने ती सिद्ध मानता येत नाही.

शेवटच्या हिमयुगाचा कळस सुमारे २१,००० वर्षांपूर्वी होता. त्या वेळी हवेतील कार्बन डायऑक्साइड औद्योगिक युगापूर्वीच्या दशलक्षात २८० भागांऐवजी सुमारे १९० भागांच्या आसपास होता आणि उष्णकटिबंधीय समुद्र काही अंशांनी थंड होते. चक्रीवादळे तेव्हा जवळपास थांबली असतील, असे सहज वाटते. प्रतिमाने तसे म्हणत नाहीत. समुद्राबरोबर वरचे वातावरणही थंड झाल्याने वादळाच्या संभाव्य कमाल तीव्रतेत मोठी घट दिसत नाही आणि काही भागांत परिस्थिती आजच्याइतकीच अनुकूल आढळते. याची प्रत्यक्ष पडताळणी अवघड आहे, कारण तेव्हा समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि त्या काळची खाजणे आता खोल पाण्याखाली बुडालेली आहेत. फ्लोरिडाजवळील ड्राय टॉर्टुगास परिसरातील सागरी गाळ हा याबाबत दुर्मीळ अपवाद होय. हिमयुग ओसरत असताना, १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी, उत्तर अटलांटिकमध्ये अचानक थंडी परतली. तिला यंगर ड्रायस म्हणतात. उष्ण पाणी उत्तरेकडे नेणारे सागरी अभिसरण मंदावल्यामुळे ती उद्भवली, असे मानले जाते. याच थंड टप्प्यात फ्लोरिडाजवळ वादळांच्या खुणा वाढलेल्या दिसतात: उत्तरेकडे न गेलेली उष्णता अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळच साठून राहिली असावी, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

सुमारे ६,००० वर्षांपूर्वी पृथ्वीच्या कक्षेतील फरकांमुळे उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात आजच्यापेक्षा अधिक सूर्यप्रकाश मिळत असे. हवा लवकर तापते आणि समुद्र मागे राहतो; त्यामुळे निव्वळ कक्षीय बदल धरून चालणारी प्रतिमाने उत्तर गोलार्धात वादळांना काहीशी प्रतिकूल स्थिती दाखवतात. परंतु त्या काळी सहारा हे वाळवंट नव्हते. तेथे गवताळ प्रदेश व सरोवरे होती आणि अटलांटिकवर पसरणारी धूळ कमी होती. हे घटक प्रतिमानात घातले, की उत्तर अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये वादळे ठळकपणे वाढतात. हजारो किलोमीटरवरच्या गवताने वादळांची संख्या ठरावी, ही गोष्ट या विषयाचा स्वभाव चांगला दाखवते.

गेल्या पाच हजार वर्षांचे चित्र सर्वांत तपशीलवार आहे. प्वेर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटावरील प्लाया ग्रांदे खाजणाच्या गाळावरून जेफ्री डोनेली आणि जोनाथन वुड्रफ यांनी २००७ मध्ये असे दाखवले, की तीव्र वादळे ५,४०० ते ३,६०० वर्षांपूर्वी आणि २,५०० ते १,००० वर्षांपूर्वी वारंवार येत होती, मधले व नंतरचे टप्पे शांत होते आणि सुमारे २५० वर्षांपूर्वीपासून वादळे पुन्हा वाढली. एल निनो क्षीण आणि पश्चिम आफ्रिकेचा मोसमी पाऊस जोरदार असलेल्या काळाशी हे सक्रिय टप्पे बऱ्याच अंशी जुळतात. लक्षणीय भाग असा, की शेवटचा सक्रिय टप्पा समुद्र आजच्यापेक्षा थंड असताना, लघु हिमयुगातच (एकोणिसाव्या शतकापर्यंत काही शतके चाललेल्या थंड काळातच) सुरू झाला. मात्र फ्लोरिडातील वेस्टर्न लेकमध्ये ३,४०० ते १,००० वर्षांपूर्वीचा सलग काळ सक्रिय दिसतो, म्हणजे व्हिएकेसच्या एका शांत टप्प्याचा मोठा भाग त्यात येतो. अटलांटिकवरील बर्म्युडा उच्चदाब क्षेत्राची जागा सरकली की वादळांचे मार्ग बदलतात, आणि एका किनाऱ्याची उसंत दुसऱ्या किनाऱ्याचे संकट ठरते, असे स्पष्टीकरण यासाठी सुचवण्यात आले आहे.

हाच विसंवाद लिखित साधनांतही आढळतो. व्हॅलेरी ट्रुएट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये कॅरिबियनमध्ये बुडालेल्या स्पॅनिश जहाजांची यादी फ्लोरिडा कीज बेटांवरील पाइन वृक्षांच्या वलयांशी जोडली. वादळाच्या वर्षी फांद्या मोडल्याने झाडांची वाढ खुंटते आणि वलय अरुंद होते. हीच वर्षे जहाजबुडीच्या यादीतही उठून दिसतात. या जोडणीवरून १६४५ ते १७१५ या काळात, म्हणजे सूर्यावरील डाग अत्यल्प असलेल्या माउंडर किमान काळात, कॅरिबियनमधील वादळे सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्याचे दिसते. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातील स्थानिक इतिवृत्तांत वादळांच्या नोंदी इ. स. ९७५ पासून आहेत, आणि त्यांतील सर्वांत वादळी दोन कालखंडांपैकी एक १६६० ते १६८० हा आहे. अर्थात, त्याच थंड दशकांत अटलांटिकच्या एका कोपऱ्यात शांतता होती, तर दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर टायफून, म्हणजे पश्चिम प्रशांत महासागरातील चक्रीवादळे, आदळत होते. तेव्हा टायफूनांचे मार्ग दक्षिणेकडे सरकले असावेत, असे मानले जाते.

बेलिझच्या ग्रेट ब्लू होल या समुद्रातील खोल विवराच्या तळाशी प्राणवायू नसल्याने गाळ उकरणारे जीव तेथे जगत नाहीत आणि वर्षावर्षाचे थर अबाधित राहतात. तेथील ३० मीटर लांबीच्या स्तंभातून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ५,७०० वर्षांतील ५७४ वादळी थर मोजले गेले. वादळांची संख्या या काळात हळूहळू वाढत गेलेली दिसते, आणि तिचा संबंध उष्णकटिबंधीय पर्जन्यपट्टा दक्षिणेकडे सरकण्याशी लावण्यात आला आहे.

या साऱ्या नोंदी वाचताना काही मर्यादा ध्यानात ठेवाव्या लागतात. एक सरोवर केवळ आपल्या आसपासच्या काही डझन किलोमीटरांतून गेलेली वादळेच नोंदवते. त्सुनामीही वाळूचा थर सोडते. आणि समुद्रपातळी वाढली की तेच सरोवर किनाऱ्याच्या जवळ येऊन अधिक संवेदनशील बनते. याहून मूलभूत अडचण बहामा बेटांवरील गाळाच्या अभ्यासातून पुढे आली. स्थिर हवामानात संगणकावर हजारो कृत्रिम वादळे सोडून पाहिली, तेव्हा प्रत्यक्ष गाळात दिसतात तसे शतकी चढउतार केवळ योगायोगानेही निर्माण होऊ शकतात, असे आढळले. त्यामुळे एका ठिकाणची उसंत हवामानबदलाचा परिणाम मानण्याआधी परस्परांपासून दूर असलेल्या अनेक ठिकाणांच्या नोंदी एकत्र जोडून पाहण्याकडे आता अभ्यासकांचा कल आहे.