क्रायस्लर

क्रायस्लर : अमेरिकेतील मोटारनिर्मिती कंपनी. स्थापना ६ जून १९२५. मुख्यालय अनेक दशके डेट्रॉइटलगतच्या हायलँड पार्क येथे होते, १९९० च्या दशकात ते मिशिगन राज्यातीलच ऑबर्न हिल्स येथे हलले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांच्याबरोबर डेट्रॉइटच्या ‘तीन मोठ्या’ कंपन्यांत तिची गणना होते. त्या तिघींत बहुतेक काळ ती धाकटीच राहिली आणि मंदीचा पहिला तडाखाही बहुधा तिलाच बसला. अमेरिकी सरकारला तिच्या मदतीला दोनदा धावावे लागले. २०२१ पासून ती स्टेलांटिस या बहुराष्ट्रीय समूहाचा भाग आहे.

कंपनी गोत्यात आली ती मुख्यतः बेहिशेबी विस्तारामुळे आणि मागणीचा अंदाज चुकल्यामुळे. सावरली ती मात्र दर वेळी एखाद्या नेमक्या गाडीच्या जोरावर. ती गाडी बाजारात येईपर्यंत तग धरण्याची किंमत कामगारांनी, पुरवठादारांनी आणि धनकोंनी मोजली. कंपनीच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय एका-दोन कर्तबगार अध्यक्षांना देण्याचा प्रघात आहे. तो अपुरा आहे.

संस्थापक आणि पहिली गाडी

वॉल्टर पर्सी क्रायस्लर (१८७५–१९४०) हा कॅन्सस राज्यातल्या रेल्वे इंजिनचालकाचा मुलगा. एलिस गावच्या युनियन पॅसिफिक रेल्वेच्या कारखान्यात तो झाडूकामापासून लागला आणि तिथेच उमेदवारी करून यंत्रकारागीर झाला. आपली हत्यारे त्याने स्वतः घडवली होती. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नावाची गगनचुंबी इमारत उभी राहिली तेव्हा ती हत्यारे तिथे मांडून ठेवली गेली. १९०८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात त्याला ५,००० डॉलरची ‘लोकोमोबिल’ मोटार दिसली. जवळ होते ७०० डॉलर. उरलेले ४,३०० कर्जाऊ घेऊन त्याने ती विकत घेतली, घरी आणली आणि चालवायला शिकण्याआधी सुटी करून पुन्हा जोडली.

रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातली मोठ्या पगाराची जागा सोडून तो जवळपास निम्म्या पगारावर जनरल मोटर्सच्या मालकीच्या, फ्लिंटच्या ब्युइक कंपनीत गेला. तिथे त्याने लाकडी बग्गीच्या काळातल्या कामाच्या पद्धती मोडून उत्पादन कैक पटींनी वाढवले. जनरल मोटर्सचे प्रमुख विल्यम ड्युरंट यांच्याशी न पटल्याने तो बाहेर पडला. बुडत्या कंपन्या सावरणारा माणूस म्हणून आता त्याचे नाव झाले होते. कर्जबाजारी मॅक्सवेल कंपनीचा कारभार त्याच्याकडे आला तो बँकांच्याच आग्रहाने. फ्रेड झीडर, ओवेन स्केल्टन आणि कार्ल ब्रीअर हे तीन अभियंते त्याने जवळ केले आणि त्यांच्याकडून नवी गाडी तयार करून घेतली.

जानेवारी १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात तिला जागा मिळाली नाही, कारण अजून उत्पादन सुरू न झालेली गाडी तिथे मांडता येत नसे. क्रायस्लरने मग कमोडोर हॉटेलचा दर्शनी दिवाणखानाच भाड्याने घेतला. मोटारधंद्यातली आणि बँकांतली मंडळी त्याच हॉटेलात उतरत, त्यामुळे प्रदर्शनाहून जास्त गर्दी तिथे झाली. ‘क्रायस्लर सिक्स’चे सहा सिलिंडरचे इंजिन त्या काळाच्या मानाने अधिक दाबाचे होते आणि चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. ताशी सुमारे ७० मैलांचा वेग आणि भरवशाचे ब्रेक या गोष्टी तोवर फक्त श्रीमंतांच्या गाड्यांत मिळत. ही गाडी मध्यम किमतीची होती. पहिल्याच वर्षी तिचा खप ३२,००० च्या आसपास गेला आणि पुढच्या वर्षी मॅक्सवेलचे रूपांतर क्रायस्लर कॉर्पोरेशनमध्ये झाले.

तीन मोठ्यांत स्थान

१९२८ हे वर्ष कंपनीला वरच्या पंगतीत नेणारे ठरले. आकाराने आपल्याहून कितीतरी मोठी डॉज ब्रदर्स कंपनी तिने विकत घेतली आणि त्याच वर्षी स्वस्त ‘प्लिमथ’ व मधल्या किमतीची ‘डीसोटो’ बाजारात आणली. डॉजचे ओतशाळांसह कारखाने आणि विक्रेत्यांचे जाळे हाती आल्यामुळेच प्लिमथला फोर्ड आणि शेव्हरोले यांच्याशी टक्कर देता आली. महामंदीतही प्लिमथ खपत राहिली. १९३६ मध्ये फोर्डला मागे टाकून कंपनी देशात दुसऱ्या क्रमांकावर आली. न्यूयॉर्कची ३१९ मीटर उंचीची क्रायस्लर बिल्डिंग १९३० सालची. ती कंपनीच्या नव्हे, वॉल्टर क्रायस्लरच्या खासगी पैशातून उभी राहिली.

१९३४ ची ‘एअरफ्लो’ हा या काळातला मोठा फटका. वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या घेऊन तिचा आकार ठरवला होता. इंजिन पुढच्या आसावर सरकवून आणि प्रवाशांना मागच्या आसाच्या पुढे बसवून हादरे कमी केले होते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने गाडी काळाच्या पुढची होती, पण तिचे उतरते नाक लोकांना रुचले नाही आणि पहिल्या गाड्यांत दोषही निघाले. त्यानंतर कंपनी बरीच वर्षे बाह्यरूपाच्या बाबतीत बिचकून वागली.

दुसऱ्या महायुद्धात मिशिगनमधील वॉरन येथे कंपनीने चालवलेल्या कारखान्यातून २२,००० हून अधिक रणगाडे बाहेर पडले. शर्मन रणगाड्यासाठी पुरेशी मोठी इंजिने मिळेनात, तेव्हा अभियंत्यांनी मोटारीची सहा सिलिंडरची पाच इंजिने एका दांड्याभोवती जुळवून तीस सिलिंडरचे एक इंजिन केले. दिसायला अवजड असले तरी ते चालले. १९५१ मध्ये अर्धगोलाकार ज्वलनकक्षाचे ‘हेमी’ इंजिन आले आणि त्याच वर्षी इम्पीरियल गाडीत पॉवर स्टिअरिंग बसले. नेहमीच्या उत्पादनातल्या मोटारीत ते प्रथमच मिळत होते.

कुर्ल्याशी नाते

या काळात कंपनीचा महाराष्ट्राशी थेट संबंध आला. भारतात मोटारी बनवण्याचा ध्यास घेतलेल्या वालचंद हिराचंद यांनी फोर्डशी बोलणी फिसकटल्यावर क्रायस्लरशी करार केला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. तिच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डीसोटो या मोटारी आणि डॉज व फार्गो ट्रक जोडले जाऊ लागले. १९५० च्या दशकात त्याच कारखान्यात इटलीच्या फियाटच्या गाड्या आल्या आणि पुढे त्यांतूनच मुंबईच्या टॅक्सीची ओळख ठरलेली ‘पद्मिनी’ निघाली. क्रायस्लर आणि फियाट ही दोन नावे डेट्रॉइटमध्ये एकत्र येण्याच्या अर्धशतक आधी कुर्ल्यात एका छपराखाली नांदली.

घसरण

१९५७ मध्ये व्हर्जिल एक्सनर यांनी रेखलेल्या लांब, शेपटीदार पंखांच्या गाड्यांनी बाजार गाजवला. पण घाईघाईत उत्पादनात आणलेल्या त्या गाड्या लवकर गंजू लागल्या आणि कंपनीच्या दर्जाविषयी ग्राहकांच्या मनात बसलेली अढी नंतर वर्षानुवर्षे गेली नाही. १९६० अखेर डीसोटो बंद झाली. ब्रिटनची रूट्स, फ्रान्सची सिम्का आणि स्पेनची बारेइरोस या कंपन्यांत क्रायस्लरने पैसा ओतला. तिन्ही अशक्त होत्या आणि त्यांना सावरताना घरचा कारभार मागे पडला.

सर्वांत घातक ठरली ती ‘सेल्स बँक’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत. विक्रेत्यांकडून मागणी नसतानाही कारखाने चालू ठेवायचे, तयार गाड्या उघड्या मैदानांत उभ्या करायच्या आणि महिनाअखेरीला फोनवर फोन करून त्या विक्रेत्यांच्या गळ्यात मारायच्या. कागदावर उत्पादन भरपूर दिसे. विक्रेत्यांना मात्र यातली मेख लवकर कळली. महिनाभर थांबले की गाडी सवलतीत मिळते, तर आधी मागणी नोंदवायची कशाला? मिशिगनच्या हिवाळ्यात या गाड्या बर्फाखाली उभ्या राहत. टायर बसत, पत्रा गंजे, बॅटऱ्या उतरत आणि दुरुस्ती करून त्या घाट्यात विकाव्या लागत. १९७३ च्या तेलसंकटानंतर मोठ्या गाड्यांचा खप आटला. १९७६ च्या ‘अ‍ॅस्पेन’ आणि ‘व्होलारे’ या नव्या गाड्या दोषांमुळे परत बोलवाव्या लागल्या. १९७८ मध्ये युरोपातला सगळा व्याप प्यूजो समूहाला विकावा लागला.

१९७९ चे संकट आणि आयाकोका

फोर्डचे अध्यक्ष ली आयाकोका यांना हेन्री फोर्ड दुसरे यांनी जुलै १९७८ मध्ये काढून टाकले. नोव्हेंबरात ते क्रायस्लरमध्ये आले. कंपनीत कोणत्या खात्याचा हिशेब कोण ठेवतो याचाच पत्ता नव्हता. त्यांनी सेल्स बँक बंद केली, फोर्डमधली माहीतगार माणसे आणली. तरीही १९७९ मध्ये सुमारे १.१ अब्ज आणि १९८० मध्ये १.७ अब्ज डॉलरचा तोटा झाला.

७ जानेवारी १९८० रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कर्जहमी कायद्यावर सही केली. सरकारने स्वतः रोकड दिली नाही, १.५ अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी दिली. मात्र त्यासाठी बँका, कामगार, पुरवठादार, विक्रेते आणि राज्य सरकारे यांनी मिळून आणखी २ अब्ज डॉलरचा भार उचलावा अशी अट होती. आयाकोकांनी वर्षाला एक डॉलर पगार घेतला आणि त्याची प्रसिद्धी खूप झाली. खरा त्याग कामगारांचा होता. त्यांच्या संघटनेने एकामागून एक फेऱ्यांत वेतन आणि सवलती सोडल्या, कारखाने बंद झाले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्या बदल्यात संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर संचालक मंडळावर आले. अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीत हे अपूर्वच होते.

तारून नेणारी गाडी १९८० च्या शरद ऋतूत आली. ‘के-कार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डॉज एरीज आणि प्लिमथ रिलायंट या पुढच्या चाकांना गती देणाऱ्या, आटोपशीर आणि तरीही सहा माणसे बसतील अशा गाड्या होत्या. सुरुवातीला महागडे जादा साहित्य बसवलेल्या गाड्याच विक्रेत्यांकडे पाठवल्याने गिऱ्हाईक किंमत ऐकूनच परत फिरे. साध्या गाड्या पाठवू लागल्यावर खप वाढला. याच ढाच्यावरून कंपनीने पुढे डझनावारी गाड्या काढल्या. १९८३ मध्ये हमीचे सगळे कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी फिटले आणि सरकारला हमीच्या बदल्यात मिळालेल्या भागखरेदीच्या हक्कांतून ३११ दशलक्ष डॉलर मिळाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस कॅनडातील विंडसर येथून पहिल्या मिनीव्हॅन निघाल्या : डॉज कॅरव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर. हॅल स्परलिक यांनी ही कल्पना फोर्डमध्येच मांडली होती, तिथे ती नाकारली गेली. इंजिन आणि गतीची चाके पुढे असल्याने मागचा तळ सपाट आणि बुटका ठेवता आला. त्यामुळे घराच्या गॅरेजात मावेल इतक्या उंचीच्या गाडीत सात माणसे बसत, बाजूचे दार सरकवून मुले सहज चढत आणि बैठक काढली की सामानाला जागा होई. एकाच गाडीने अमेरिकी कुटुंबांची सवय बदलल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत. १९८७ मध्ये अमेरिकन मोटर्स विकत घेतल्याने ‘जीप’ हे नाव कंपनीकडे आले. तिथले अभियंतेही आले, आणि वेगवेगळ्या विभागांनी एकाच पथकात बसून गाडी घडवण्याची त्यांची पद्धत क्रायस्लरने १९९० च्या दशकात उचलली. ‘एलएच’ या सांकेतिक नावाच्या ढाच्यावरच्या ऐसपैस गाड्या आणि १९९४ सालचा नव्या रूपाचा रॅम ट्रक हे त्या पद्धतीचेच फळ.

डायम्लर आणि दिवाळखोरी

१९९८ मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी सुमारे ३६ अब्ज डॉलरचा व्यवहार झाला. ‘बरोबरीच्या दोघांचे एकत्रीकरण’ असे त्याचे वर्णन केले गेले, पण सूत्रे डायम्लरच्या स्टुटगार्ट येथील मुख्यालयाकडेच राहिली. २००१ मध्ये प्लिमथ बंद पडली. २००४ ची ‘३००’ ही मोटार गाजली खरी, पण तेवढ्याने भागले नाही. २००७ मध्ये डायम्लरने ८० टक्के हिस्सा सर्बेरस या खासगी गुंतवणूक संस्थेला देऊन अंग काढून घेतले. पुढच्याच वर्षी पतपुरवठा गोठला आणि मोटारींचा खप कोसळला. सरकारने डिसेंबर २००८ मध्ये ४ अब्ज डॉलरचे तातडीचे कर्ज मंजूर केले.

कंपनी वाचवावी की जाऊ द्यावी यावर ओबामांच्या सल्लागारांत दुमत होते. अखेर फियाटशी जुळवून घेण्याच्या अटीवर मदत देण्याचे ठरले. ३० एप्रिल २००९ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि अवघ्या ४२ दिवसांत, १० जून रोजी, तिची चांगली मालमत्ता नव्या कंपनीकडे गेली. तारणावर कर्ज देणाऱ्यांच्या सुमारे ६.९ अब्ज डॉलरच्या बदल्यात २ अब्ज हाती पडले. याविरुद्ध इंडियाना राज्याचे निवृत्तिवेतन निधी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण न्यायालयाने विक्री रोखून धरली नाही. ७८९ विक्रेत्यांचे करार एका फटक्यात रद्द झाले; त्यांतली काही दुकाने एकाच कुटुंबाकडे पिढ्यानपिढ्या होती. नव्या कंपनीचा मोठा हिस्सा निवृत्त कामगारांच्या आरोग्य निधीकडे गेला. फियाटने सुरुवातीचे २० टक्के रोख पैसे न देता, तंत्रज्ञानाच्या बदल्यात मिळवले.

फियाटचे सर्जिओ मार्किओने यांनी ऑबर्न हिल्सच्या मनोऱ्यातले वरचे कार्यालय न घेता चौथ्या मजल्यावर, अभियंत्यांजवळ बैठक मांडली. रॅम ट्रकला डॉजपासून वेगळे केले आणि जीपवर भर दिला. २०१० मध्ये आलेली नवी जीप ग्रँड चेरोकी चांगली खपली. तिचा आराखडा मात्र डायम्लरच्या काळातला होता. मे २०११ मध्ये अमेरिका आणि कॅनडाची ७.६ अब्ज डॉलरची कर्जे फिटली, तरी सगळा हिशेब मांडता अमेरिकी तिजोरीला सुमारे १.३ अब्ज डॉलरची खोट बसली. १९८० ची हमी सरकारला फायद्याची ठरली होती. या वेळी तसे झाले नाही. पण कंपनी बुडाली असती तर मिशिगन, ओहायो आणि इंडियानातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांवर, म्हणजेच फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या पुरवठादारांवरही, जो घाव बसला असता त्यापुढे ही रक्कम लहान आहे.

सद्यःस्थिती

२०१४ मध्ये फियाटने उरलेला हिस्सा घेतला आणि फियाट क्रायस्लर ऑटोमोबाइल्स अस्तित्वात आली. जानेवारी २०२१ मध्ये ती प्यूजो समूहात मिळून स्टेलांटिस झाली. पुण्याजवळच्या रांजणगावात, फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतल्या कारखान्यात, २०१७ पासून जीप कंपास तयार होते आणि उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या देशांतही जाते. समूहाच्या अमेरिकेतल्या कमाईचा कणा जीप आणि रॅम हेच आहेत. क्रायस्लर हे नाव मात्र आक्रसत गेले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘३००’ चे उत्पादन थांबल्यावर ते विंडसरला बनणाऱ्या मिनीव्हॅनपुरते उरले.